पांढऱ्या पाइपावरची तार

नानांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाज गेला, तेव्हा आता हे घर मुकं होणार असं येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. भेटायला येणारे लोक दारातच आवाज खाली आणायचे, जसं काही नानांना ऐकूही येत नव्हतं. पण संध्याकाळचे पाच वाजले की आतल्या खोलीतून ती बारीक शिट्टी सुरू व्हायची, कधी तुटक, कधी लांबवलेली, आणि पाहुणे हातातला कप तसाच धरून माझ्याकडे बघायचे. "नाना बोलताहेत," मी सांगायचे. त्यांना वाटायचं, बापाच्या आजारपणाने पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय. पण ते खरंच बोलत असायचे. नाना, म्हणजे माझे वडील, उमेदीची वर्षं मालवाहू बोटींवर रेडिओ ऑफिसर होते. जमिनीवर नोकरी धरली तरी ती खोड गेली नाही. सरकारचा परवाना घेऊन घरातून बिनतारी संच चालवणारे हौशी लोक असतात, त्यांना हॅम म्हणतात. नाना त्यातले. आवाज होता तोवर माइकवर बोलायचे. आवाज गेला तेव्हा त्यांनी कपाटातून बोटीवरची जुनी पितळी की, म्हणजे मोर्सची टिकटिक करायची कळ, काढली, तिच्यावरची धूळ लुंगीला पुसली आणि मोर्समध्ये बोलायला लागले.

घरात मात्र पाटी होती. माझीच, पहिलीतली. ती गळ्यात अडकवायला ते तयार नव्हते, म्हणून ती त्यांच्या खुर्चीच्या हाताला सुतळीने बांधलेली असायची. ऑपरेशनने गळ्याला पडलेल्या भोकावर आई मलमलीचा चौकोनी तुकडा बांधायची, रोज धुतलेला, आणि तो नीट बसला की नाही हे बघताना हमखास काहीतरी टोमणा मारायची. "आमच्याशी पाटी, आणि त्या बेळगावच्या मास्तरांशी तास तास गप्पा. मलाच मेली ती टिकटिक शिकायला हवी होती." नाना खांदे हलवत हसायचे. हसण्याचा आवाज नाही, नुसते खांदे. जेवण म्हणजे पेज, मऊ भात, कुळथाचं पातळ पिठलं. सोलकढी आई गाळून गाळून द्यायची. खायचं सगळं मऊ आणि बोलायचं सगळं खडूने, असा तो संसार होता. आणि म्हणूनच ते पाच ते सातचे दोन तास त्यांना इतके हवे असायचे. हवेत, म्हणजे रेडिओवर, त्यांना कोणी मुकं समजत नव्हतं. उलट मास्तर म्हणायचे की नाना फार बडबडे आहेत, दुसऱ्याला पाळीच देत नाहीत. बेळगावचे हे मास्तर निवृत्त शाळामास्तर, त्यांचे वीस वर्षांचे हवेतले मित्र. दोघं उभ्या आयुष्यात दोनदाच समोरासमोर भेटले होते.

या सगळ्याचं मूळ होतं गच्चीवर. तिथे पाण्याच्या टाकीशेजारी लोखंडी खांब, खांबावरून समोरच्या कठड्यापर्यंत ताणलेली अँटेनाची तार, आणि खांबाच्या कमरेला एक डबा. डब्यात अँटेना जुळवून घ्यायचं यंत्र होतं आणि डबा आईचा होता, चकल्यांचा, स्टीलचा, घट्ट झाकणाचा. तो कुठे गेला म्हणून तिने एक अख्खी दिवाळी कामवालीवर संशय घेतला होता. उघड्यावरच्या यंत्राला वीज कशी द्यायची याबद्दल नाना सोवळ्याओवळ्याइतके कडक होते. घरातली दोनशेतीस व्होल्टची वायर गच्चीवर न्यायची नाही म्हणजे नाही. खाली खोलीत बॅटरी, ती चार्जरवर, आणि वर जाणार ती फक्त बारा व्होल्ट, तीही फ्यूजमधून. वायर डब्यात खालच्या बाजूने शिरली पाहिजे आणि शिरण्याआधी तिला पोट ठेवलं पाहिजे, म्हणजे पावसाचं पाणी वायरवरून ओघळत त्या पोटाशी येऊन खाली टपकेल, आत जाणार नाही. आजही कुणाच्या खिडकीतून केबल सरळ आत गेलेली दिसली की माझा हात शिवशिवतो. एकदा खारघरला मुलीच्या सोसायटीत मी इंटरनेटवाल्या माणसाला जिन्यात थांबवून वायरला पोट ठेवायला लावलं होतं. मुलगी अजून चिडवते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अर्थिंग. वरून येणाऱ्या दोन्ही वायरी, एक अँटेनाची आणि एक बारा व्होल्टची, खिडकीत एका तांब्याच्या पट्टीपाशी यायच्या. ढग दिसले की चार्जरचा प्लग काढायचा, दोन्ही वायरी संचातून सोडवायच्या आणि त्या पट्टीला आवळून टाकायच्या. पट्टीपासून जाड तांब्याची तार इमारतीच्या मागच्या भिंतीवरून तीन मजले खाली. आकाशातून काही आलंच तर ते या वाटेने निमूट जमिनीत गेलं पाहिजे. सुरुवातीला खाली रीतसर खड्डा होता, मीठ आणि कोळसा घातलेला, उन्हाळ्यात वरून बादलीभर पाणी. पण त्या मिठाने तळमजल्यावरच्या जोगळेकर बाईंचा मोगरा जळला आणि प्रकरण सोसायटीच्या मीटिंगमध्ये गेलं. सेक्रेटरी पाटणकर म्हणाले, "नाना, टेन्शन नका घेऊ. पाण्याचा लोखंडी पाइप आहे ना मागे, थेट जमिनीतून मेनपर्यंत जातो. त्याला बांधा तुमची तार. मोगरा पण खूश, तुमी पण खूश." तेव्हा नानांना आवाज होता. ते बरंच बोलले, पण मोगऱ्यापुढे कोणाचं चालत नाही. शेवटी त्यांनी पाइप खरवडून, क्लॅम्प लावून, मीटरने मोजून बघितलं आणि कबूल केलं की चालेल.

दर अमावास्येला ते खाली जाऊन ती जोडणी तपासायचे. अमावास्येचा विजेशी संबंध काही नाही. दिवस लक्षात ठेवायला सोपी खूण, एवढंच. पण शेजारीपाजारी काय समजायचे देव जाणे. मागच्या बाजूला, इमारत आणि कंपाउंडच्या भिंतीमध्ये, एक माणूस अंग तिरकं करून जाईल एवढीच बोळ होती, फुटकी बेसिनं आणि घाणेरीची झुडपं असलेली. ऑपरेशननंतर नाना खाली उतरेनासे झाले. जिन्याने धाप लागायची, आणि लोकांची नजर गळ्यावर जायची ती त्यांना सोसवत नव्हती. मग ते काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा वाशीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते, कॉमर्सला. मीटर कसा लावायचा ते त्यांनी पाटीवर चित्र काढून दोनदा समजावलं. मी पहिल्या अमावास्येला लावला. नंतर मीटर नुसताच पर्समध्ये घेऊन जायचे, तार हाताने ओढून बघायचे, घट्ट आहे ना, आणि वर येऊन सांगायचे, "ठीक आहे." नाना मान हलवायचे. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. यात कौतुकाचं काही नाही, मुलांवर असतोच.

पाइप बदलले ते याच काळात. खाडीच्या खाऱ्या हवेने इमारतीची लोखंडी लाइन खाली गंजून चाळण झाली होती. त्या आठवड्यात आई नानांना घेऊन मुंबईच्या हॉस्पिटलात शेकासाठी, म्हणजे रेडिएशनला, जात होती आणि मी घरी होते. प्लंबरने खालून हाक मारली, "दीदी, ये तार किसका है? काट दूँ?" मी धावत खाली गेले. जुना पाइप तोडून बाजूला टाकला होता, नवीन पांढरा स्वच्छ पाइप उभा होता आणि आमची तार लोंबत होती. मी ठणकावून सांगितलं, "काटना मत. जशी होती तशी बांधा." त्याने क्लॅम्प नवीन पाइपावर चढवला आणि छान आवळला. मी ओढून बघितली. जुन्या गंजक्या पाइपावर होती त्यापेक्षा कितीतरी घट्ट. मला तर अभिमानच वाटला की मी वेळेवर पोचले, नाहीतर त्या माणसाने तार कापून भंगारात घातली असती. प्लास्टिकच्या पाइपाला तार बांधणं म्हणजे ती कशालाच न बांधणं, हे जिला सुचू नये अशी घरात मीच एकटी होते, आणि नेमकी मीच तिथे उभी होते. संध्याकाळी आई-नाना थकून आले. पाइपाबद्दल बोलायचं राहून गेलं.

ऑक्टोबरमधली दुपार होती, घटस्थापना होऊन गेलेली. त्या दिवसांत पारसिकच्या डोंगराकडून ढग येतात ते कोरडे, कुरकुरणारे असतात. मी आणि आई गॅलरीत कपडे काढत होतो. आतून नानांच्या खुर्चीचा आवाज आला, ते उठून नेहमीसारखे वायरी सोडवायला लागले असणार. मग सगळं पांढरं झालं आणि असा आवाज झाला की आईच्या हातातली चादर खाली रस्त्यावर गेली. वीज आमच्या इमारतीवर पडलीच नव्हती, मागच्या मोकळ्या प्लॉटवर कुठेतरी पडली असं नंतर लोक म्हणाले. मी आत धावले. खोलीत जळक्या व्हार्निशचा वास होता. संचाच्या जाळीतून धूर येत होता, चार्जरचं झाकण उडून कॉटखाली गेलं होतं, तांब्याची पट्टी भिंतीपाशी काळी पडली होती. नाना खिडकीपासून दोन पावलांवर उभे होते. त्यांना काहीही झालं नव्हतं. ते आपल्या दोन्ही हातांकडे बघत होते.

चार्जरचा प्लग जमिनीवर पडलेला होता. तो त्यांनी आधी काढला, की आवाजाने दचकून नंतर ओढला, हे त्यांना आठवेना. तासभर ते खुर्चीत बसून हातांनी तीच क्रिया करून बघत होते. प्लग, मग एक वायर, मग दुसरी, मग पट्टी. पुन्हा प्लग. आई म्हणाली, "अहो, जीव वाचला ना, देवाची कृपा. यंत्र काय, यंत्र येतंय." त्यांनी पाटी ओढली आणि माझ्यासाठी लिहिलं, "अर्थिंग बघून ये."

मी खाली गेले. पाऊस आलाच नव्हता, बोळ कोरडी होती. तार पाइपावर जशीच्या तशी, क्लॅम्प घट्ट. आणि तिथे, त्या फुटक्या बेसिनाशेजारी उभं राहून, मला पहिल्यांदा तो पाइप दिसला. मी त्याला हात लावला. नखाने खरवडला. पांढऱ्याखाली पांढरंच. आकाशातून आलेलं सगळं त्या तारेने इथपर्यंत आणलं असेल आणि पुढे वाटच नाही म्हटल्यावर ते परत वर गेलं असेल, पट्टीवरून संचात, संचातून चार्जरमध्ये, आणि मध्ये माझा बाप उभा. मी किती वेळ तिथे होते कोण जाणे. वर आले तेव्हा नाना दाराकडेच बघत होते.

"ठीक आहे," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मग पाटी पुसली आणि लिहिलं, "म्हणजे माझंच चुकलं."

मी का खोटं बोलले, याची कारणं मी इतकी वर्षं गोळा करत आले आहे. मी एकवीस वर्षांची होते. मी घाबरले होते. मला वाटलं, आधी गुपचूप नीट करावं, मग चांगला दिवस बघून सांगावं. सगळी खरी आहेत आणि एकही पुरत नाही. पुढे कितीतरी वर्षांनी मी माझ्या एका इंजिनिअर भाच्याला, कुणा भलत्याचीच गोष्ट म्हणून, हे सगळं विचारलं. तो म्हणाला, "मावशी, खाली अर्थिंग नीट असतं ना, तर प्लग आधी काढला काय नि नंतर काय, बहुतेक सगळं जमिनीतच गेलं असतं. आणि अर्थिंगच नाही म्हटल्यावर त्या माणसाने काहीही केलं असतं तरी संच जळालाच असता. त्याची काय चूक?" मी त्याच्यासाठी पोहे करायला आत गेले आणि बराच वेळ कांदा चिरत राहिले.

दुसऱ्याच दिवशी मी वॉचमनला धरून एक लोखंडी सळई बोळीत ठोकून घेतली, खोल, माझ्या उंचीएवढी. तार पाइपावरून सोडवून तिला बांधली. खोटं बोलले होते ते निदान खरं करून टाकावं, असा माझा हिशेब. आता संच दुरुस्त झाला की सांगू. पण नाना दुरुस्तीला तयारच होईनात. वाशीचा एक ओळखीचा हॅम येऊन म्हणाला, "नाना, माझ्याकडे दुसरा सेट पडून आहे, उद्या आणून देतो." नानांनी लिहिलं, "नको. आता क्रम लक्षात राहत नाही. घरात बायको-मुलगी आहे." मी तिथेच उभी होते. तो बिचारा चहा न घेता गेला. औषधांनी डोकं मंदावलंय, आपल्यावर आता भरवसा ठेवता येत नाही, हे नानांनी मनाशी पक्कं केलं होतं. मग ते बाकीच्याही गोष्टी सोडत गेले. गॅस बंद करायला आईला बोलवायचे. स्वतःच्या गोळ्या स्वतः काढून घ्यायचे ते बंद केलं, आईने हातावर ठेवायच्या. वीस वर्षं समुद्रावर बोटींची हाक ऐकणारा माणूस, दाराची कडी लागली का हे मला तीनदा विचारायचा.

पाच वाजले की घरात असं काही शांत व्हायचं की आई मुद्दाम भांडी आपटायची. सानपाडा गावातून म्हावरं घेऊन येणाऱ्या भीमाबाईंनी एकदा डोक्यावरची टोपली उतरवता उतरवता विचारलं, "नानांची टिकटिक आयकू येत नाय गो पोरी, बरं हाय ना त्यांना?" आईने बोंबील निवडून घेतले, आत गेली आणि रडली. मी ते ऐकलं. मी नेमकी त्याच वेळी आत जाऊन सगळं सांगून टाकू शकत होते. अशा वेळा मी मोजल्या आहेत, पण इथे लिहीत नाही.

दिवाळी झाल्यावर नानांनी मला जवळ बसवलं आणि पाटी भरभरून लिहायला लागले. आपल्या चुकीबद्दल सगळ्या हॅम मित्रांना पत्र पाठवायचं होतं, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हातून ती होऊ नये. माझं अक्षर चांगलं म्हणून पत्र मी लिहायचं. ते पाटी भरायचे, मी कागदावर उतरवायचे, पाटी पुसायचे, ते पुढचं लिहायचे. "ढग दिसल्याबरोबर प्लग काढावा, थांबू नये. मी थांबलो असेन. वय झालं की हाताच्या सवयीवर विसंबू नये. अर्थिंग माझ्या मुलीने तपासलं होतं, ते ठीक होतं. दोष माझा." एक एक वाक्य मी उतरवलं. पाटी पुसताना खडूचं पाणी माझ्या बोटांवरून मनगटापर्यंत यायचं. पुण्याला, गोव्याला, बेळगावला, सगळी मिळून अकरा पत्रं, मी अकरा वेळा लिहिली.

बहुतेकांनी धीर देणारी उत्तरं पाठवली. मास्तरांचं सगळ्यात उशिरा आलं, तोवर नाना पलंगाला लागले होते आणि डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगायचं ते सांगून झालं होतं. महिनाभरात ते गेलेच. पण त्या दिवशी उशीला टेकून बसले होते, शेवटचं म्हणून मला आठवतं ते तसं बसणं. मास्तरांचं पोस्टकार्ड त्यांनी स्वतः वाचलं, मग मला दिलं. मास्तरांनी लिहिलं होतं, "नाना, वीस वर्षं तुमचा आवाज ऐकला, नंतर कीवर चालणारा तुमचा हात ऐकला. तो चुकेल हे मला पटत नाही. प्लगचं एवढं मनावर घेऊ नका. माझं ऐका, जमिनीकडची बाजू पुन्हा एकदा नीट बघा. गडबड तिथेच असणार."

मी कार्ड हातात धरून उभी राहिले. आता ते मला पुन्हा खाली पाठवतील, असं मला वाटलं. पाठवावं, असंही वाटलं. पाठवलं असतं तर मी सांगितलं असतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून म्हणते, आणि कोणी मानणार नाही हेही मला माहीत आहे. नानांनी माझ्याकडे बघितलं. पाटी जड व्हायची म्हणून आई ती धरायची. त्यांनी हळूहळू लिहिलं, अक्षरं उतरत गेली होती.

"मास्तरांना कळव. मुलीने स्वतः बघितलंय. ती चुकायची नाही."

मी कागद घेतला, पलंगाच्या कडेला बसले आणि ते लिहिलं. खाली त्यांची सही घेतली. मग चपला घालून स्टेशनजवळच्या पेटीपर्यंत चालत गेले आणि पत्र टाकलं.